रविवारी नाणेघाट भरतो तेव्हा

आम्ही नाणेघाटाच्या पायथ्याच्या पाड्यांवरच्या बाया बोलतोय, मुरबाड तालुक्यातल्या, वैशाखऱ्याच्या बाजूच्या. आमच्या बचत गटात अकरा जणी आहेत. आज इथे तिघीच आलोय, बाकीच्या आवणीला गेल्यात. पण बोलणं सगळ्यांचं आहे. काल रात्री बसून ठरवलंय काय सांगायचं ते.

आमचा घाट तुम्हाला ऐकून माहीत असेल. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेजकडे जाणारा रस्ता आहे ना, त्याच्या उजव्या अंगाला वाट फुटते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल याच वाटेने वर जुन्नरला आणि तिथून पैठणला जायचा. बैलं, गाढवं, माणसं, सगळी इथूनच. घाटाच्या तोंडाशी कोरलेली गुहा आहे, तिच्या भिंतीवर सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा लेख आहे. कुठे किती यज्ञ केले, किती गाई दिल्या, ते आकड्यांसकट कोरलंय. एका बाईने दिलेल्या दानाचा हिशेब दगडावर टिकलाय, याचं आम्हाला फार कौतुक वाटतं. वर माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकायचे, असं जुनी माणसं सांगतात.

आमच्यासाठी मात्र ती माहेरची वाट. वर घाटघरला आमच्या लेकी दिल्यात, तिकडच्या इकडे आल्यात. डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन चढायचं आणि दुसऱ्या दिवशी उतरायचं, हे आमच्या सासवांनी जन्मभर केलं.

आता त्या वाटेवर रविवारी आम्हालाच पाऊल टाकायला जागा नसते. आधीही ठाणे-डोंबिवलीची मुलं यायची, पण थोडी. टाळेबंदी उठली आणि लोकांना डोंगराचं वेड लागलं. त्यात वरच्या उलट्या धबधब्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरले. पाणी खाली पडायच्या ऐवजी वाऱ्याने वर उडतं, ते बघायचं असतं. शनिवारी रात्री बस निघतात आणि पहाटे पाचला आमच्या अंगणात बॅटऱ्यांचा उजेड पडतो. कुत्री नुसती भुंकत राहतात.

गर्दीला आम्ही घाबरत नाही हो. पौषात म्हशाची जत्रा भरते, तिथे किती माणूस येतो ते तुम्हाला माहीत आहे. पण तिथे गुरांचा बाजार कुठे, घोंगड्यांची दुकानं कुठे, गाड्या कुठे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. घाटात काहीच ठरलेलं नाही. वरची नळी अरुंद, पायऱ्या शेवाळलेल्या. खालून चढणारे आमच्या बाजूने येतात, जुन्नरकडून गाडीने माथ्यावर आलेले गंमत म्हणून नळीत उतरतात, आणि मध्ये दोघांची गाठ पडते. मग तासभर कोणी हलत नाही. पाऊस वरून, पाणी पायाखालून. २०२३ च्या पावसाळ्यात लोहगडावर असंच झालं होतं, लोक तासन्‌तास अडकून पडले होते. २०१९ साली तर एव्हरेस्टवरसुद्धा रांग लागल्याचा फोटो जगभर गाजला. म्हणजे हे दुखणं आमचं एकट्याचं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. आमच्यातल्या एकीच्या सुनेला रविवारी सकाळी कळा सुरू झाल्या. १०८ ची गाडी हमरस्त्यापर्यंत वेळेवर आली. पण तिथून पाड्याकडे यायच्या वाटेवर दोन्ही अंगांना मोटारी लावलेल्या, आणि त्यांचे मालक घाटात. हॉर्न वाजवून उपयोग काय? शेवटी गोधडीची झोळी केली, बांबूला बांधली आणि चौघांनी पोरीला चिखलातून उचलून नेली. सासू पुढे पळत होती, मोटारींच्या काचांवर हात आपटत. बाळ सुखरूप आहे, आता अंगणभर धावतं. पण त्या दिवशीचा राग आमच्या पोटात अजून आहे.

आणि तरी त्याच रविवारी आमच्या दोघी जणी पिठलं-भाकरी विकत होत्या. हे लपवायचं कशाला? पावसाळ्यातले आठ-दहा रविवार आमच्या गटाचा हप्ता भरतात. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, मोसमात कुरडूची भाजी. शहरातली माणसं आवडीने खातात, पैसे देतात, 'मावशी' म्हणतात. चूकही आमची होतीच. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटांवर बंदी आहे, पण स्वस्त पडतात म्हणून आम्ही आणायचो आणि संध्याकाळी परसात जाळायचो. धूर आमच्याच पोरांच्या नाकात. आता स्टीलची ताटं घेतलीत. घासायला जास्त माणूस लागतं, त्यावरून आमच्यात भांडणं होतात, ती वेगळी.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे शौचाला जाण्याची. इतकी माणसं, संडास एक नाही. मुली बिचाऱ्या आमच्या दारात येऊन हळूच विचारतात, त्यांना आम्ही घरातलं दाखवतो. बाकीचे झऱ्याच्या वरच्या अंगाला जातात. पाऊस आला की ते सगळं आमच्या पाण्यात.

सरकार काय करतं? अपघात झाले की मनाईचा आदेश निघतो. आधी १४४ कलम म्हणायचे, आता १६३ म्हणतात. धबधब्यांजवळ जायचं नाही. जीव वाचावा म्हणून काढतात, आम्हाला मान्य आहे. पण गेल्या साली आदेश आला तेव्हा आम्ही गटातून उसने घेऊन पीठ, तेल, गॅस भरून ठेवला होता. एका दिवसात सगळं अंगावर आलं. आणि माणसं काही थांबली नाहीत. ती आडवाटेने, शेताच्या बांधावरून गेली. लावलेली रोपं तुडवली.

मग आमच्यातली एक आजी म्हणाली, बंद करा नाही तर मोकळं सोडा, मध्ये काही नसतंच का? आधी किती येतात ते तरी मोजा. वही पावसात भिजते, म्हणून चिंचोके घेतले. पायथ्याच्या आंब्याखाली दोघी बसायच्या. माणूस वर गेला की एका पातेल्यात चिंचोका, खाली आला की दुसऱ्यात. चार रविवार मोजलं. वर जाणाऱ्यांचं पातेलं सकाळी आठच्या आत भरायचं, नंतरच्या पातेल्यात निम्मेसुद्धा नाहीत! म्हणजे माणसं फार आहेत हे खरंच, पण सगळी एकाच दोन तासांत येतात हे त्याहून मोठं दुखणं. आणि सोमवार ते शुक्रवार? पातेल्याचा तळ झाकत नाही.

मोजण्याचा आणखी एक उपयोग झाला. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी दोन पातेल्यांचा मेळ बसेना, सात चिंचोके कमी. अंधार पडत आलेला. आमचा जीव खालीवर. घाटघरच्या लेकीला फोन लावला, तेव्हा कळलं की सात जण वरच्या वर एका गाडीत बसून जुन्नरला गेलेत. हसावं की रडावं! पण तेव्हा समजलं की मोजायचं तर दोन्ही टोकांना. खालचा पायथा ठाणे जिल्ह्यात, वरचं घाटघर पुणे जिल्ह्यात. एका जिल्ह्याने हात वर केला तर दुसऱ्याने काय करायचं?

दूर पेरू देशात अशीच एक जुनी डोंगरवाट आहे, इंका लोकांची, माचू पिचूला जाणारी. तिथे दिवसाला पाचशेच माणसं सोडतात. त्यात पाहुणे दोनशेच्या आसपास, बाकी हमाल, आचारी, वाटाडे. नाव आधी नोंदवावं लागतं. आणि फेब्रुवारीत पाऊस जोरात असतो म्हणून महिनाभर वाट बंद, दुरुस्तीला. वाटेलाही विसावा लागतोच ना.

आम्ही ग्रामसभेत अर्ज दिलाय. गाड्या हमरस्त्यालाच थांबवा. सकाळी सहा, आठ आणि दहा अशा तीन पाळ्या करा, आणि पाळीला माणसांचा आकडा ठरवा. तो आकडा वन खात्याने आमच्यासोबत घाटात उभं राहून ठरवावा, कचेरीत बसून नको. माणशी थोडे पैसे घ्या, त्यातून संडास बांधा आणि मोजणाऱ्या बायांना मजुरी द्या. जकात घेणारा रांजण माथ्यावर आहेच, आम्ही नवीन काही मागत नाही. सभेत एकाने विचारलं, बायकांना हिशेब जमेल का. आजीने चिंचोक्यांची पिशवी त्याच्यापुढे ओतली आणि म्हणाली, मोज.

अर्जाची पोच मिळालीय, उत्तर यायचंय. तोवर मोजणं चालू आहे. तुमच्या गावात किल्ला असेल, धबधबा असेल, तर तुम्हीही मोजायला बसा. वर जाणारे आणि खाली येणारे वेगळे मोजा, आणि त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा. शहरातून कोणी ऐकत असेल तर त्यांना आमचं सांगणं एवढंच, मंगळवारी-बुधवारी या, कल्याणहून एसटीने या. आणि जेवायचं असेल तर आदल्या दिवशी निरोप द्या, म्हणजे पीठ तेवढंच भिजवता येतं.