समुद्रापलीकडे बिऱ्हाड मांडताना

धारा, स्वयंपाक, लेकरांचे डबे आवरून रेडिओजवळ बसला असाल. आज आम्ही कर्जाच्या हप्त्याविषयी बोलणार नाही. आज बोलणार आहोत फौजीच्या बायकोने परमुलखात बिऱ्हाड मांडण्याविषयी. आणि त्यात आमच्या गटाच्या हातून एक चूक झाली, तीही सांगणार आहोत.

आपल्या सातारा जिल्ह्याला फौज नवी नाही. अपशिंगे गावाच्या तर नावापुढेच 'मिलिटरी' लागतं. घरातला माणूस रजेवर येतो, रजा संपली की जातो. मागे सासू-सासरे, शेरडं, लेकरं आणि शेत बाईच्या अंगावर. पण नोकरीत कधीतरी कुटुंब नेता येईल असं ठिकाण मिळतं. दोन-तीन वर्षं का होईना, संसार एका छपराखाली येतो.

आमच्या गटातल्या एका वहिनीच्या घरी तसा योग २०१६ साली आला. गोष्ट सांगा पण नाव नको, असं तिनेच सांगितलंय, म्हणून आम्ही तिला वहिनीच म्हणू. लग्नाला नऊ वर्षं झालेली. त्यातला नवऱ्याचा सहवास फक्त रजेपुरता. बदली झाली ती थेट अंदमानला, पोर्ट ब्लेअरला. सप्टेंबर २०२४ पासून त्या शहराला श्री विजयपुरम म्हणतात. आहे आपल्याच देशात, पण चेन्नईहून जहाजाने निघालं तर सुमारे तीन दिवस नुसतं पाणी.

सासूबाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "काळ्या पाण्यावर लेकरं नेतीस व्हय?" असं म्हणाल्या. त्यांचंही चुकलं नाही. आपल्याकडे अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल आठवतो, १९११ साली सावरकरांना तिथे नेलं ते आठवतं. शेवटी धाकट्या जावेने म्हातारीची जबाबदारी घेतली आणि वहिनी निघाली.

आता तिच्या अनुभवातून काय शिकायचं ते ऐका.

फौजी घरांत काळ्या लोखंडी ट्रंका असतात, त्यांवर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर लिहिलेला. वहिनीने चार ट्रंका भरल्या. तवा, कुकर, पोळपाट, अंथरूण-पांघरूण, सगळं त्यात. ही मंडळी चेन्नईहून विमानाने दोन-अडीच तासांत पोचली आणि ट्रंका जहाजाने महिन्यानंतर आल्या. रिकाम्या क्वार्टरमध्ये दोन लेकरं आणि चहा करायला पातेलं नाही. शेजारच्या तमिळ बाईने कुकर दिला, वरच्या मजल्यावरच्या बंगाली बाईने दोन चादरी दिल्या. म्हणून मैत्रिणींनो, एक पातेलं, एक तवा, दोन चादरी, औषधं आणि लेकरांचे शाळेचे दाखले हातातल्या पिशवीत ठेवा. कागदपत्रं तर ट्रंकेत कधीच घालू नका.

सरकारी क्वार्टर ताब्यात घेताना यादी असते. पंखे किती, नळ किती, कपाटाच्या कड्या-कुलपं धड आहेत का. फौजी भाषेत याला मार्च-इन म्हणतात. सोडताना तीच यादी पुन्हा तपासतात आणि कमी भरलं तर पैसे आपल्याकडून घेतात. सही मालकांची असली तरी मोजायला आपण उभं राहावं. कारण कोणता नळ गळतो हे पुढे आपल्यालाच रोज दिसणार असतं.

तिथलं हवामानही समजून घ्यायला हवं. अंदमान आपल्यापासून इतकं पूर्वेला आहे की सूर्य तिथे आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच. पहाटे पाचच्या सुमारास फटफटतं आणि संध्याकाळी साडेपाच-सहालाच दिवे लावावे लागतात. पहिले पंधरा दिवस लेकरांची झोप मोडली. मग वहिनीने घड्याळाकडे बघणं सोडलं, उन्हाकडे बघून कामं लावली. धुणं-पाणी पहाटे, जेवणं लवकर.

पाऊस आठ महिने. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. आपल्या माणमध्ये त्याचा पाचवा-सहावा हिस्सा पडला तरी आपण नारळ फोडतो. त्या दमट हवेत तिने इथून नेलेले पापड-कुरडया मऊ पडल्या, कांदा-लसूण मसाल्याला बुरशी आली, डाळीत पोरकिडे झाले. पुढे ती मसाला थोडा थोडा करू लागली आणि डाळी कडक उन्हाच्या दिवशी वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू लागली. बऱ्याचशा वस्तू मुख्य भूमीवरून जहाजाने येतात, त्यामुळे भाजी महाग. जहाज लांबलं की बाजार रिकामा.

आणि गंमत बघा, एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात शहरात पाण्याची ओढ. धरण पावसावर अवलंबून, ते आटलं की नळ दिवसाआड. बाकीच्या बायका घाबरल्या. आमची वहिनी दुष्काळी गावातली. भाजी धुतलेलं पाणी झाडाला, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. त्या उन्हाळ्यात शेजारणी तिच्याकडे विचारायला येऊ लागल्या, आणि तिथून तिची खरी ओळख झाली.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. अंदमान-निकोबार भूकंपाच्या सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळावर शंभराहून अधिक माणसं गेली. त्यात जवान होते, त्यांच्या बायका-लेकरंही होती. नवरा ड्युटीवर असताना जमीन हलली तर लेकरं घेऊन कुठे धावायचं, उंचावरची जागा कोणती, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. विचारण्यात लाज नाही.

आता कागदांचं. फौजेत जवानाच्या नोंदीत बायकोचं आणि मुलांचं नाव चढावं लागतं. त्या नोंदीवरच दवाखाना, क्वार्टर, पुढे पेन्शन, सगळं चालतं. आपल्याकडे माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, आधारवर तिसरंच. वहिनीचं आधारवरचं नाव आणि फौजेच्या नोंदीतलं नाव जुळत नव्हतं. लेकरू तापाने फणफणलेलं असताना कार्डासाठी तिला दोन खिडक्यांवर उभं राहावं लागलं. म्हणून निघण्याआधी आधार, बँकेचं पासबुक आणि मालकांच्या नोंदीतलं आपलं नाव अक्षर अन् अक्षर जुळवून घ्या. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा.

वहिनी इथे शिलाई करायची. सरकारी क्वार्टरमध्ये परवानगीशिवाय धंदा मांडता येत नाही. तिने आधी विचारलं. मग बायकांच्या वेल्फेअर सेंटरवर तिला शिवण शिकवायचं काम मिळालं. तमिळ, बंगाली, पंजाबी, गढवाली बायका, सगळ्यांची भाषा मोडकी हिंदी. मापाच्या टेपला भाषा लागत नाही, असं ती हसून सांगते.

आता आमची चूक. ती निघाली तेव्हा गटात प्रश्न आला, हिचं काय करायचं? बैठकीला येणार नाही, बचत कशी देणार? त्या काळी तिथला फोनही धड लागायचा नाही. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल सुरू झाली ती २०२० साली. आम्ही सोपा रस्ता धरला. तिची पाच वर्षांची बचत हातात दिली, पेढा दिला आणि नाव कापलं. आम्हाला वाटलं, नियमाने वागलो.

२०१९ साली ती परत आली. मालक पुन्हा सीमेवर, तिथे कुटुंब नेता येत नाही. तिला नवीन मशीनसाठी कर्ज हवं होतं. गटाला तोवर बँकेचं मोठं कर्ज मिळालेलं, पण ती सभासदच नव्हती. नव्याने सुरुवात कर, असं आम्ही म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, "बदली यांची झाली. त्यांची नोकरी एक दिवसही तुटली नाही. माझीच पाच वर्षं कशी पुसली?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री आम्ही जुनी रजिस्टरं काढली. तिने सुरुवातीच्या दिवसांत कितीदा स्वतःची गरज बाजूला ठेवून दुसरीला कर्ज घेऊ दिलं होतं, ते आमच्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं.

पुढच्या बैठकीत ठराव केला. नवऱ्याच्या बदलीमुळे गाव सोडणाऱ्या सभासदाचं नाव कापायचं नाही. तिने बचत बँक खात्यातून भरायची. महिन्यातून एकदा बैठकीत फोनवरून बोलायचं आणि तशी नोंद करायची. ती बाहेर असेपर्यंत तिच्या बचतीपेक्षा जास्त कर्ज द्यायचं नाही, म्हणजे बाकीच्यांवर भार नाही. वहिनीला जुन्या सभासदाचा मान देऊन परत घेतलं आणि मशीनचं कर्ज दिलं. ते तिने मुदतीआधी फेडलं. आज आमच्या दोन सभासद बाहेर आहेत, एक पंजाबात, एक आसामात. दोघींची बचत वेळेवर येते.

तर मैत्रिणींनो, तुमच्या वस्तीत कोणाच्या दारात काळ्या ट्रंका भरताना दिसल्या, तर नुसता निरोपाचा हळदीकुंकू करू नका. तिला विचारा, तुझी कागदं जुळली का, तुझं खातं तुझ्या नावावर आहे का, गटातलं तुझं नाव राहिलं का. बिऱ्हाड हलतं तेव्हा भांडी-कुंडी सगळे मोजतात. बाईचं नाव मागे राहिलं का, हे आपणच बघायचं.