उशाशी एक यंत्र



मागच्या वर्षी आषाढात मला न्यूमोनिया झाला आणि 11 दिवस दवाखान्यात राहावं लागलं. ताप उतरला, खोकला बसला. दिवसा बोटाला लावलेलं यंत्र रक्तातला ऑक्सिजन 96 दाखवायचं, पण रात्री झोप लागली की आकडा 80च्या आसपास घसरायचा. हे प्रथम हेरलं रात्रपाळीच्या सिस्टरनं. खुर्ची ओढून ती माझ्याजवळ बसून राहिली आणि सकाळी डॉक्टरांना म्हणाली, "काकांचा श्वास झोपेत थांबतोय."

माझ्या पत्नीला हे कितीतरी वर्षं ठाऊक होतं. मी घोरता घोरता एकदम गप्प व्हायचो, ती कोपरानं ढोसायची, मी दचकून श्वास घ्यायचो. आम्ही दोघंही त्याला घोरणंच समजत होतो.

या आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सगळ्यांचेच सैल पडतात. काहींचे इतके, की जीभ आणि मऊ टाळू मागे ढळून हवेची वाट मिटते. छाती भात्यासारखी ओढत राहते, पण आत काही जात नाही. 10 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ असं झालं की तो एक खंड धरतात. तासाला 5पेक्षा कमी खंड असले तर काळजी नसते, 30 किंवा त्याहून जास्त झाले की आजार तीव्र म्हणतात. न्यूमोनियातून उठल्यावर माझी रात्रभराची झोपेची तपासणी झाली, तेव्हा ते तासाला 38 भरले. दर खंडाला मेंदू धोका ओळखून शरीराला जागं करतो, रक्तदाब उसळतो. सकाळी यातलं काही आठवत नाही, डोकं तेवढं जड असतं.

आजारपणात हे सगळं बळावतं. नाक चोंदलेलं, फुप्फुसं दमलेली, अंगात कुशीवर वळायचं त्राण नाही, आणि उताणं झोपलं की जीभ हमखास मागे पडते. त्यात झोपेच्या आणि काही जबर वेदनाशामक गोळ्या घसा आणखी सैल करतात. म्हणून उरलेली गोळी डब्यातून काढून मनानं घेऊ नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. हा आजार हलका समजू नये. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी 2022मध्ये मुंबईत गेले. छातीच्या आजारानं ते सुमारे महिनाभर रुग्णालयात होते, आणि मृत्यूचं कारण सांगताना डॉक्टरांनी स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं होतं.

"नळीनं ऑक्सिजन लावला की झालं," असं मलाही वाटलं होतं. पण दारच बंद असेल, तर बाहेर कितीही चांगली हवा ठेवून काय उपयोग? दार उघडं ठेवायला हवं, आणि ते काम सीपॅप नावाचं यंत्र करतं. 1980 साली सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ते प्रथम माणसावर वापरलं. त्या आधी खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून श्वासाची वेगळी वाट करणं. सलिव्हन यांनी नाकावरच्या मास्कमधून सतत हवा सोडली, त्या दाबानं घसा उघडा राहिला, रुग्ण शांत झोपला. 1981मध्ये त्यांनी पाच रुग्णांचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये छापला. मला लागणारा दाब आहे पाण्याच्या 11 सेंटिमीटर उंचीइतका, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. पण पहिल्या रात्री तो तोंडावर वादळासारखा वाटला.

खरी परीक्षा इथेच असते. अंगात ताकद नाही, आणि चेहऱ्यावर कुणीतरी पट्टे आवळतंय. तिसऱ्या रात्री मी मास्क काढून भिंतीकडे तोंड करून पडलो. पत्नीनं सकाळी तो धुतला आणि दुपारी चहाच्या वेळी माझ्या हातात दिला. "अहो, आत्ता लावून बसा. झोपू नका, नुसते बसा." यंत्र बंद ठेवून मास्क नाकावर नुसता धरला. दुसऱ्या दिवशी पट्टे लावले, मग यंत्र सुरू करून वर्तमानपत्र वाचलं. आठवड्यानं दुपारची डुलकी त्यातच लागली. दिवसाउजेडी ओळख झालेल्या वस्तूची रात्री भीती राहत नाही. शिवाय दाब हळूहळू चढवायची सोय यंत्रात असते. ती मला कुणी दाखवली नव्हती, तुम्ही मागून घ्या.

मास्कमधून हवा गळायला लागली की माणूस पट्टे आवळत सुटतो, त्यानं गळती वाढते आणि नाकावर वळ उठतात. आडवं होऊन, यंत्र चालू ठेवून, पट्टे बेताचे जुळवावेत. झोपण्याआधी तोंड धुवावं, तेल किंवा बाम राहू देऊ नये, त्यानं मास्कची कड खराब होते. घशाला कोरड पडत असेल, तर हवा ओलसर करणारी टाकी लावा. तिच्यात रोज ताजं डिस्टिल्ड वॉटर घाला. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं पाणी त्यात घालू नका, ते श्वासासाठी बनवलेलं नसतं.

वीज गेली तर गुदमरू का, हे मला बरेच जण विचारतात. तोंड आणि नाक दोन्ही झाकणाऱ्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. बहुतेकांना जागही येते, मास्क काढायचा आणि कुशीवर व्हायचं.

सर्दीच्या रात्री मात्र पुन्हा पहिल्यासारखं वाटतं. दिवाळीत मला पडसं झालं तेव्हा मी आधी वाफ घेतली, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब सोडले, दोन उशा वाढवल्या. खोकल्याची उबळ आली की मास्क काढून कफ टाकायचा, घोटभर पाणी प्यायचं, पुन्हा लावायचा. नाक पूर्ण बंदच असेल, तर तोंडासकटचा मास्क चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. मळमळत असेल तर मात्र तोंड झाकणारा मास्क लावूच नका, उलटी श्वासनळीत जाऊ शकते. आजारपणात मास्क रोज साबणाच्या पाण्यानं धुवा, यंत्रातली हवेची गाळणी बदला. अशा रात्री चारच तास जमले, तरी ते चार तास तुमचे.

आजारात वजन बरंच उतरलं असेल, तर जुना दाब जास्त होतो, पोटात हवा जाऊन गुबारा धरतो. अशा वेळी यंत्र कपाटात टाकू नका, डॉक्टरांकडून दाब बदलून घ्या. आणि पुन्हा कधी दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली, तर औषधांच्या पिशवीबरोबर हे यंत्रही घ्या. शस्त्रक्रिया असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतः होऊन सांगा, "मला स्लीप ॲप्निया आहे, मी मास्क लावून झोपतो."