ठेव हा विश्वासाचा न्यास



गणेशमूर्तींसाठी विख्यात असलेल्या पेण नगरीतील अर्बन सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. बनावट कर्जखात्यांचा घोटाळा उघडकीस आला आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांची पुंजी अडकली. ठेव अडकली की औषधोपचार अडतो, शिक्षण थांबते. सन्मानाने जगण्याच्या मानवाधिकारावरच घाला पडतो.

तेव्हा ठेवविम्याची मर्यादा एक लाख रुपये होती. २०२० मध्ये ती पाच लाख झाली. परंतु विमा चारित्र्याची जागा घेत नाही. वह्यावाटप म्हणजे बँकेचे सामाजिक दायित्व नव्हे. ठेवीचे रक्षण हे तिचे आद्य कर्तव्य होय.

‘बिना संस्कार नहीं सहकार’ हे सहकार भारतीचे ब्रीद आहे. संचालकांनी विश्वस्तवृत्ती जोपासावी आणि सभासदांनी वार्षिक सभेत ताळेबंदाचा जाब निर्भयपणे विचारावा.