गोल्फ क्लबचा दांडा : कोणती बाजू कुठे?

गोल्फ क्लबचा दांडा, म्हणजेच शाफ्ट, दिसतो अगदी गोल. पण ग्राफाइटचा दांडा कार्बनतंतूंचे पातळ थर गुंडाळून बनतो. थरांच्या कडा एकमेकींवर आल्या की एखादी बाजू किंचित ताठ राहू शकते. मुठीकडचं टोक घट्ट आवळा, दुसऱ्या टोकाला वजन लावा आणि ओढून सोडा. दांडा सरळ रेषेत झुलतोय की गरगरतोय, ते लगेच दिसतं! सरळ झुलण्याची ती दिशा हेरून, त्यानुसार दांडा जुळवून क्लब जोडणारे कारागीर आहेत.

फरक पडतो का? माझ्या मते, चांगल्या दांड्यात फारसा नाही; हौशी खेळाडूचा स्विंगच दर फटक्याला बदलतो. त्यात कोन बदलता येणाऱ्या बऱ्याच ड्रायव्हर क्लबांत कोनाबरोबर दांडाही फिरतो, म्हणजे केलेली जुळणी पाण्यात. अशी जुळणी करण्याआधी दांड्याची लांबी आणि ताठरपणा तपासून घ्या.