तुमची शाळा भूकंपात उभी राहील का?

आजचा विषय जरा गंभीर आहे, पण कामाचा आहे. सुरुवातीला तीन तारखा सांगतो.

30 सप्टेंबर 1993, किल्लारी. अनंत चतुर्दशीची रात्र सरलेली, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. लोक घरात झोपलेले, शाळा रिकाम्या.

25 एप्रिल 2015, नेपाळ. दुपारची वेळ, पण वार शनिवार, म्हणजे तिकडे सुट्टी. हजारो वर्गखोल्या पडल्या, वर्गात मुलं नव्हती.

8 ऑक्टोबर 2005, काश्मीर. तोही शनिवारच, पण सकाळ होती आणि शाळा भरलेल्या. नियंत्रण रेषेपलीकडे हजारो मुलं वर्गातच गेली.

भूकंप कधी येणार, ते आपल्या हातात नाही. आला तेव्हा मुलं कुठल्या छताखाली असतील, ते मात्र आहे.

मग शाळा तपासतात कशी? इंजिनिअर आल्या आल्या तोडफोड करत नाही. तो इमारतीला फेरी मारतो. याला रॅपिड व्हिज्युअल स्क्रीनिंग म्हणतात. हातात फॉर्म आणि कॅमेरा. इमारत कशाची, कधीची, किती मजली, आकार कसा, जमीन कशी, हे बघून गुण द्यायचे. गुण कमी पडले म्हणजे शाळा लगेच पाडायची असं नाही. त्याचा अर्थ, हिची सखोल तपासणी आधी करा. एका जिल्ह्यात शेकडो शाळा असतात, सगळ्या एकदम तपासता येत नाहीत. म्हणून ही रांग लावायची.

तो नेमकं काय बघतो?

एक, दगडी भिंत. किल्लारीत घरांच्या भिंती जाडजूड होत्या, पण दगड मातीत रचलेले. आतला थर आणि बाहेरचा थर यांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगडच नव्हते. हादरा बसला, थर सुटे झाले आणि वरचं जड माळवद खाली आलं. जुन्या दगडी शाळेत हेच आधी बघायचं. भिंत जाड म्हणजे मजबूत, हा गैरसमज आहे.

दोन, पट्टा. दारं-खिडक्यांच्या वर, सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा आहे का? तो चारही भिंतींना कमरपट्ट्यासारखा धरून ठेवतो. नुसत्या खिडकीपुरता तुकडा असेल तर तो पट्टा नव्हे.

तीन, आखूड कॉलम. हे आरसीसी शाळांचं खास दुखणं. व्हरांड्यात किंवा खिडकीखाली दोन कॉलमच्या मध्ये अर्धी भिंत घट्ट बांधलेली असते. कॉलमचा खालचा भाग त्यात अडकतो, हलायला वरचा छोटा तुकडा उरतो. सगळा ताण त्याच्यावर, आणि तो तिथेच तुटतो.

शिवाय गच्चीवरची पाण्याची टाकी, सुटा कठडा, दाराशेजारचं न बांधलेलं लोखंडी कपाट. इमारत टिकली तरी यांच्यामुळे मुलं जखमी होऊ शकतात, बाहेर पडायची वाट अडू शकते. कपाट भिंतीला पक्कं करणं तर एका दुपारचं काम.

आणि हो, नवा रंग मारला म्हणजे इमारत नवी होत नाही!

चांगली बातमी अशी की दर वेळी नवी शाळा बांधावी लागत नाही. भिंतीवर लोखंडी जाळी ठोकून वर सिमेंटचा थर देत पट्टा नंतरही करता येतो. आरपार दगडांच्या जागी भिंतीत भोक पाडून, सळई घालून काँक्रीट भरता येतं. काठमांडू खोऱ्यात काही शाळा आधीच अशा मजबूत केल्या होत्या. 2015 साली त्या टिकल्या.

आता तुमचं काम. शाळेला स्वतःच पास-नापास करू नका, ते इंजिनिअरचं काम. पण गावच्या शाळेत एक फेरी मारा, फोटो काढा. मग शाळा व्यवस्थापन समितीत किंवा ग्रामसभेत लेखी विचारा: या इमारतीची भूकंपाच्या दृष्टीने तपासणी कधी झाली, अहवाल कुठे आहे?

तिथे तुमची धाकटी भावंडं रोज पाच-सहा तास बसतात. एवढं विचारायला कसला संकोच? भेटू पुढच्या भागात, ऐकत राहा.