वजनाचे इंजेक्शन आणि तापाचे चार दिवस



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले, तेव्हा आम्ही बोनसवर बोलू, कंत्राटी पद्धतीवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत, आणि घसा चालेल तोवर बोलणारच. आज निवडलेला विषय ऐकून मात्र चालकांपैकी एकदोघांच्या भुवया उंचावल्या. वजन उतरविण्याच्या इंजेक्शनाशी युनियनवाल्याचा काय संबंध? संबंध आहे. तो कसा आला, हेच आधी सांगतो. कारण त्यात आमची एक चूक आहे, आणि ती चारचौघांत कबूल केल्याखेरीज पुढचे बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही.

आम्ही डॉक्टर नव्हे. शाळेचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि दवाखान्यांच्या बाकांवर, कामगारांच्या शेजारी बसून झाले. तेव्हा आमचे बोलणे म्हणजे औषधाची चिठ्ठी समजू नये. डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत याची ती यादी समजावी.

आमच्या युनियनचा एक सभासद एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. वय शेहेचाळीस, वजन एकशे आठ किलो, जोडीला मधुमेह आणि रक्तदाब. डॉक्टरांनी त्याला आठवड्यातून एकदा घ्यावयाचे इंजेक्शन सुरू केले. तीन महिन्यांत नऊ किलो वजन उतरले. जिना चढताना धाप लागेनाशी झाली. गेल्या श्रावणात त्याला ताप भरला, उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, म्हणजे इंजेक्शनाचा वार. त्याने आम्हांस फोन केला. म्हणाला, "भाऊ, आज सुई घेऊ की नको? चार हजारांच्या वर मोजलेत, फुकट कसे घालवू?" आणि आम्ही काय सांगितले? "औषध चुकवू नये. घेऊन टाक."

क्षयरोगाच्या गोळ्या कामगारांनी मध्येच सोडू नयेत म्हणून आम्ही वर्षानुवर्षे चाळी पालथ्या घातल्या आहेत. 'औषध चुकवू नये' हे वाक्य आमच्या तोंडात बसलेले. एका औषधाचा नियम आम्ही दुसऱ्या औषधाला लावला. त्याने सुई घेतली, अंगदुखीसाठी दुकानातून एक वेदनाशामक गोळी आणून दोन दिवस खाल्ली, आणि रक्तदाबाची गोळीही चालू ठेवली. शनिवारी त्याच्या पत्नीचा फोन आला, "भाऊ, हे कालपासून लघवीला गेले नाहीत." रुग्णालयात सहा दिवस सलाईन चालले. मूत्रपिंडे पुन्हा कामाला लागली. डायलिसिसची पाळी टळली, ती थोडक्यात. त्यानंतर आम्ही हा विषय अभ्यासाला घेतला.

प्रथम हे औषध आहे काय ते पाहू. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचा एक संप्रेरक स्रवतो. तो स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास सांगतो, मेंदूला 'पुरे झाले' असा निरोप देतो आणि जठरातील अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतो. हा नैसर्गिक संप्रेरक काही मिनिटांतच नाहीसा होतो. शास्त्रज्ञांनी त्याच्यासारखेच, परंतु दिवसेंदिवस टिकणारे रेणू तयार केले. सेमाग्लुटाइड हा त्यांतला एक. टिर्झेपॅटाइड हा दुसरा, आणि तो जीएलपी-१ बरोबर आणखी एका संप्रेरकाचेही काम करतो. टिर्झेपॅटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये विक्रीस आले, तेव्हा २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती. म्हणजे चार आठवड्यांचे १४,००० रुपये. वजनासाठीचे सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये आले. एवढ्या किमतीची वस्तू हातात असली म्हणजे ती वाया घालवणे मनाला पटत नाही. आमच्या स्टोअरकीपरने आपली मजुरी वाचवायची म्हणूनच सुई घेतली.

आता या औषधाचा मुख्य स्वभाव ध्यानात घ्या. कारखान्यातील प्रेस मशीनचे जड चाक वीज तोडली तरी लगेच थांबत नाही. आपल्या गतीने फिरतच राहते. नवशिक्या कामगार बटण दाबले की हात घालतो आणि बोटे गमावतो. सेमाग्लुटाइड हे तसे चाक आहे. त्याचे शरीरातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे एक आठवडा लागतो, आणि ते जवळजवळ पूर्ण निघून जाण्यास पाच आठवडे. टिर्झेपॅटाइडचे प्रमाण सुमारे पाच दिवसांत निम्मे होते. यातून दोन गोष्टी निघतात. एक, आजारात एखादी सुई राहिली तर आभाळ कोसळत नाही. आधीच्या सुयांचे औषध अंगात आहेच. दुसरी, आज सुई थांबवली म्हणून मळमळ उद्या थांबेल असे नव्हे. चाक फिरतच असते. म्हणून निर्णय वेळेवर घ्यावा लागतो.

विषाणूचा आजार या चाकाला काय करतो? या औषधाने मुळातच भूक मंद, तहानही पुष्कळांना कमी जाणवते, जठर सुस्त; मळमळ, उलटी, जुलाब हे त्याचे नेहमीचे त्रास. त्यावर ताप आला, घाम आला, उलट्या-जुलाब झाले, म्हणजे अंगातले पाणी दोन्हीकडून आटते. पाणी आटले की मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त कमी पडते, आणि ते संप पुकारते. हा संप बेकायदा नव्हे. कच्चा मालच मिळत नाही तर यंत्र चालणार कसे?

म्हणून आजारपणाचे दोन भाग करावेत. नुसती सर्दी, घसा, थोडी कणकण. पण पाणी पोटात राहते, थोडेफार जेवण जाते, लघवी नेहमीसारखी होते, अशा वेळी सुई थांबविण्याचे सहसा कारण पडत नाही. परंतु उलट्या किंवा जुलाब चालू आहेत, पाणी टिकत नाही, लघवी कमी व गडद होते, उभे राहताच चक्कर येते, अशा वेळी ठरलेल्या दिवशीची सुई पुढे ढकलावी आणि डॉक्टरांना विचारावे. शंका आली तरीही आधी विचारावे, मग टोचावे. कारण टोचलेले परत काढता येत नाही. न टोचलेले दोन दिवसांनी टोचता येते.

मग राहिलेल्या सुईचे काय? त्याचा हिशेब ठरलेला आहे. सेमाग्लुटाइडची साप्ताहिक सुई ठरल्या दिवसापासून ५ दिवसांच्या आत घेता येते. टिर्झेपॅटाइडची ४ दिवसांच्या आत. तेवढे दिवस उलटले तर ती सुई सोडून द्यावी आणि पुढच्या ठरल्या वारी नेहमीची घ्यावी. भरपाई म्हणून दोन सुया एकदम कधीही घेऊ नयेत. हा ओव्हरटाइम नव्हे, की दोन पाळ्या एकदम भरून काढाव्यात. आणि लागोपाठ दोन किंवा अधिक सुया चुकल्या असतील, तर पूर्वीच्याच मोठ्या मात्रेवर उडी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून चार-चार आठवड्यांनी पायरी-पायरीने वाढवतात, ते जठराला सवय व्हावी म्हणून. सवय मोडली असेल तर एखादी पायरी खाली उतरावी लागते. आजाराच्याच आठवड्यात मात्रा वाढविण्याची पाळी आली असेल, तर ती वाढ पुढे ढकलता येईल काय, हेही विचारावे.

आता जोडीच्या गोळ्यांकडे वळू. कारण आमच्या मित्राला एकट्या सुईने नव्हे, सर्वांनी मिळून पाडले. अंगातले पाणी आटलेले असताना रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारख्या गोळ्या, लघवी वाढविणाऱ्या गोळ्या, आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके मूत्रपिंडावर भार टाकतात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचा अशा वेळी धोका असतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी, उपाशी राहिल्यास, साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकते. ग्लिमेपिराइड घेऊन जेवण झाले नाही तर साखर एकाएकी उतरते. यांतल्या कोणत्या गोळ्या किती दिवस थांबवायच्या, हे डॉक्टरांनी आधीच, माणूस धडधाकट असताना, एका कागदावर लिहून द्यावयाचे असते. खाणेपिणे पूर्ववत झाल्यावर एकदोन दिवसांनी बहुतेक गोळ्या पुन्हा सुरू होतात. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये. न जेवताही तापात साखर वाढते. ती तपासत राहावी.

याहून मोठा एक फसवा खड्डा आहे, आणि आपल्या पावसाळ्यात तो वाटेवरच आहे. तो म्हणजे डेंगी. डेंगीचा ताप तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास उतरतो. घरचे म्हणतात, सुटलो. खरा धोका त्याच वेळी सुरू होतो. पोटात जोराचे दुखणे, पुन्हा पुन्हा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अतिशय ग्लानी किंवा बेचैनी, ही त्याची धोक्याची निशाणी. आता पाहा, उलट्या आणि पोटदुखी ही सुईची नेहमीची तक्रार! सुई घेणारा माणूस म्हणतो, "हे तर औषधाचेच," आणि घरी पडून राहतो. तसे पडून राहू नये. ताप आलेल्या माणसाच्या उलट्यांचे खापर सुईवर फोडण्यापूर्वी रक्ताची तपासणी झाली पाहिजे. ताप उतरविण्यास पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मात्रेतच. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन डेंगीच्या संशयात नको. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल त्याने डॉक्टरांना त्याच दिवशी गाठावे. आणि पोटाच्या वरच्या भागात, पाठीकडे जाणारी, न थांबणारी कळ आली, तर तो स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. हे या औषधाचे क्वचित होणारे पण गंभीर संकट आहे. तेव्हा सुई बंद, आणि रुग्णालय.

पाणी कसे पाजावे? १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर, सोडा यांचे पाणी पिंपांतून वाटले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. तीच ही ओआरएसची पुडी, काही रुपयांची. एक लिटर पाण्यात एक पुडी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. जठर सुस्त असल्याने पेलाभर एकदम ओतू नये. दर मिनिटा-दोन मिनिटांनी चमचा-चमचा द्यावा. मधुमेह आहे म्हणून ओआरएस टाळू नये. फक्त साखर तपासावी. दुकानातील प्रत्येक गोड पेय ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तसल्या पेयांच्या नावातून हा शब्द काढून टाकण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. आठ तास लघवी झाली नाही, पाण्याचा घोटही टिकेना, भान हरपू लागले, तर घरचे उपाय पुरे झाले असे समजावे.

आजार सरल्यावर काट्यावर तीन किलो कमी दिसतील. त्याचा आनंद मानू नका. तापाने उतरलेले वजन ही कमाई नव्हे, ती उसनवारी आहे. त्यात पाणी गेले आहे आणि स्नायू गेले आहेत. डाळ, अंडे, दूध, ताक पोटात जाऊ लागले, दोन दिवस उलटी नाही, लघवी नीट आहे, असे झाले म्हणजे मग सुईचा विचार करावा.

शेवटी आमच्या धंद्याचे बोलतो. आमच्या मित्राला मिळालेली माहितीपत्रिका इंग्रजीत होती, मुंगीएवढ्या अक्षरांत. सुई कशी टोचावी हे त्याला दाखविले गेले. ती कधी टोचू नये हे कोणी सांगितले नाही. आणि आजाराच्या पहिल्या दिवशी तो कामावर गेला होता, कारण रजा मागितली तर हजेरीवर शेरा पडतो. चार दिवसांची रजा नाकारून सहा दिवसांचे रुग्णालय विकत घेणे, हा कोणत्या हिशेबात बसतो? म्हणून आमची मागणी तीन कलमांची आहे. औषधाबरोबर मराठीत एक पान हवे, त्यावर आजारपणाचे नियम असावेत. डॉक्टरांनी पहिल्या सुईच्या दिवशीच ते समजावून सांगावेत. आणि तापलेल्या माणसाला पगारी रजा असावी, मग तो कायम असो वा कंत्राटी.

तो स्टोअरकीपर आज समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याने आम्हांस कधी दोष दिला नाही; उलट हे व्याख्यान द्याच, असा आग्रह त्याचाच. बंधुभगिनींनो, घरी गेल्यावर एवढेच करा: घरात कोणी ही सुई घेत असेल, तर त्याच्या सर्व औषधांची नावे एका कागदावर लिहा, आणि उद्या, ताप येण्यापूर्वी, तो कागद डॉक्टरांपुढे ठेवून विचारा, 'उलट्या लागल्या तर यांतले काय थांबवायचे?' उत्तर लिहून घ्या आणि कागद फ्रिजच्या दाराला लावा. आम्ही तो प्रश्न एका गुरुवारी विचारला नाही. आपण विचारा.