‘बेन-हर’ची तबकडी

ख्रिस्तचरित्रावरच्या चित्रपटांशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. मुंबईत ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा मूकपट पाहूनच दादासाहेब फाळके चित्रपट काढण्याच्या वाटेला लागले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. पुढे १९३८ मध्ये हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने धोबी तलावला मेट्रो चित्रपटगृह उभारलं. याच कंपनीच्या १९५९ च्या ‘बेन-हर’ने ११ ऑस्कर पटकावले. त्यांतलं एक संगीतकार मिक्लोश रोझा यांचं.

‘बेन-हर’मध्ये येशूचा चेहरा दिसतच नाही. त्याची चाहूल लागते ती ऑर्गनच्या सुरांतून. राजोडीसारख्या वसईतल्या गावांत रविवारच्या मिस्साला जाणाऱ्यांच्या कानांना हे सूर परके वाटणार नाहीत.

आणि रथांची शर्यत? आधी रथांची मिरवणूक निघते, तेव्हा पितळी वाद्यं नुसती दणाणतात. शर्यत सुरू झाली, की संगीत गप्प. ऐकू येतात फक्त घोड्यांच्या टापा, चाकांचा खडखडाट आणि गर्दीचा गलका.

हे संगीत तबकडीवर आणायचं, तर चित्रपट साडेतीन तासांचा आणि एलपीच्या एका बाजूला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे काटछाट आलीच. गंमत अशी, की एमजीएमने त्या वेळी बाजारात आणलेल्या तबकडीवर चित्रपटातलं मूळ वादन नव्हतंच. तिच्यासाठी हे संगीत रोमच्या वाद्यवृंदाकडून, कार्लो साविना यांच्या संचालनाखाली, वेगळं वाजवून घेतलं होतं. १९७७ मध्ये मात्र डेक्का कंपनीसाठी खुद्द रोझा यांनीच हे संगीत नव्याने ध्वनिमुद्रित केलं.